म्हाताऱ्या कुत्र्याची सांधेदुखी परत परत का उलटते?

तक्रार बहुतेक घरांत एकच असते. कुत्रा दहा-अकरा वर्षांचा. सकाळी उठताना मागचे पाय आखडलेले, चार पावलं लंगडत टाकली की जरा मोकळा होतो. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा सोफ्यावर. गोळ्या संपल्या, आठवडा-पंधरवडा बरा गेला, मग परत तेच. पुन्हा पाच दिवसांच्या गोळ्या. असं वर्षभर चालतं आणि शेवटी घरातलं कुणीतरी म्हणतं, “वय झालं आता त्याचं.”

कृपा करून वयावर ढकलून गप्प बसू नका. सांध्यातली झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) परत भरून येत नाही, म्हणून हे दुखणं पाच दिवसांत संपणारं नाही, हे खरं. पण ते रोज सांभाळता येतं, आणि नीट सांभाळलेला कुत्रा पुढची कितीतरी वर्षं मजेत काढतो. सांभाळ चालू असूनही दुखणं उलटलं, तर त्यामागे बहुतेक वेळा शोधून सापडणारं कारण असतं. आमची राणी लॅब्रॉडॉर आहे, तेरावं वर्ष चालू आहे, दोन्ही खुबे आणि उजवं कोपर अधू. तिचं दुखणं बळावलं की मी ज्या क्रमाने एकेक गोष्ट तपासते, त्याच क्रमाने खाली लिहिते आहे.

आधी खात्री करा, हे सांध्याच्या झिजेचंच आहे ना?

आपल्याकडे कुत्रा लंगडायला लागला की गोचीड ताप आधी मनात यायला हवा. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडीतून रक्तात जातो आणि सांध्यांनाही सूज आणू शकतो. झिजेची सांधेदुखी ठरलेल्या पायांत असते, झोपून उठल्यावर जास्त आणि थोडं चालल्यावर कमी. गोचीड तापात आज हा पाय तर परवा तो, अंग गरम, खाण्यावर वासना नाही, हिरड्या फिकट, कधी नाकातून रक्त. रक्तात प्लेटलेट कमी आलेल्या दिसतात. त्याला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लागतं. नुसत्या पेनकिलरवर ठेवलं तर आजार आत वाढत राहतो, आणि प्लेटलेट कमी असताना पेनकिलरने रक्तस्रावाचा धोका वाढतो तो वेगळाच. म्हाताऱ्या कुत्र्याचं लंगडणं अचानक वाढलं असेल तर आधी ही तपासणी करून घ्या. कान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचं बूड चाचपून गोचिडी आहेत का तेही बघा.

दुसरी शंका पाठीच्या कण्याची. कुत्रा उभा असताना पोटाखाली हात घालून आधार द्या आणि मागचा एक पंजा हळूच उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवा. नसा ठीक असतील तर तो पंजा लगेच सरळ करतो. तसाच राहिला, किंवा मधल्या दोन नखांची वरची बाजू घासून बोथट झालेली दिसली, तर पाय ओढला जातोय आणि दोष नसांमध्ये असू शकतो. जर्मन शेफर्डमध्ये उतारवयात मज्जारज्जूचा एक आजार होतो, त्यात मागचे पाय लुळे पडत जातात पण दुखत नाही. अशा कुत्र्याला वर्षभर पेनकिलर देऊन काही होत नाही.

मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या एकाच पायाला टणक, वाढत जाणारी सूज असेल तर हाडाचा कर्करोग नाही ना, हे एक्स-रे काढून बघावंच लागतं. पळता पळता केकाटून मागचा पाय वरच धरला असेल तर गुडघ्यातला लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटलेला असू शकतो. आणि कुत्रा अचानक उभाच राहू शकत नसेल, लघवीवरचा ताबा गेला असेल, तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच दवाखाना गाठा.

इथे एक व्यवहारातली अडचण सांगते. दवाखान्यात पाऊल टाकलं की कुत्रा लंगडायचा थांबतो. भीतीने आणि उत्तेजनेने अंग ताठ करून तो अगदी ठीक चालतो आणि डॉक्टरांना काही दिसत नाही. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या: सकाळी अंथरुणातून उठतानाचा, मागून आणि बाजूने चालतानाचा, जिना चढतानाचा. एक्स-रेवर सगळं ठरत नाही. फिल्मवर सांधा फार खराब दिसणारा कुत्रा आरामात फिरतो आणि जरासा बदल दिसणारा विव्हळतो, असंही होतं.

गोळी चालू तोवर बरा, थांबली की पुन्हा तेच

हे सगळ्यात जास्त दिसतं. कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब ही कुत्र्यांच्या सांधेदुखीवरची नेहमीची औषधं. ती सूज आणि वेदना कमी करतात, सांधा नवा करत नाहीत. गोळी थांबली की सूज परत येणारच. शिवाय पाच दिवसांत औषधाची खरी परीक्षाही होत नाही. पूर्ण डोसवर दोन ते चार आठवडे सलग दिल्यावरच ते लागू पडतंय की नाही हे कळतं, आणि मग डॉक्टर डोस हळूहळू उतरवत जातात. “बरा दिसला की बंद, लंगडला की चालू” हा घरचा हिशोब यात बसत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: “हे औषध लांब पल्ल्यावर द्यायचं का? त्यासाठी कोणत्या तपासण्या लागतील?”

“सारख्या पेनकिलरने किडनी जाईल” ही भीती खोटी नाही. तिच्यावरचा इलाज रक्ततपासणी आहे. औषध सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन, युरिया आणि यकृताचे एन्झाइम बघायचे, काही आठवड्यांनी परत, आणि पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी. औषध कायम पोटात अन्न असताना द्यायचं आणि पाण्याचं भांडं भरलेलं ठेवायचं. उलट्या, काळी डांबरासारखी शी, जेवण टाकणं, यांपैकी काही दिसलं तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करायचा. एवढं पाळलं तर बऱ्याच कुत्र्यांना ही औषधं महिनोन्‌महिने चालतात. भीतीपोटी कुत्र्याला दुखत ठेवलं तर तो हालचाल कमी करतो, मांड्या वाळतात, आणि सगळा भार त्याच झिजलेल्या सांध्यांवर येतो.

डोस वजनावर असतो, आणि कुत्र्याचं वजन बदलतं. दीड वर्षापूर्वीच्या चिठ्ठीवर अजून तीच अर्धी गोळी चालू असेल तर ती आता कमी किंवा जास्त पडत असेल. राणीचं वजन दर महिन्याला करून मी फाइलवर लिहून ठेवते. डॉक्टर आधी तेच बघतात.

एका इंजेक्शनबद्दल जपून राहा. “सूज उतरायचं इंजेक्शन” दिलं आणि कुत्रा दुसऱ्या दिवशी पळायला लागला, असं झालं तर त्यात स्टिरॉइड होतं का ते विचारा आणि नाव लिहून घ्या. स्टिरॉइड आणि कार्प्रोफेन-मेलॉक्सिकॅमच्या गटातली पेनकिलर एकाच वेळी अंगात गेली तर जठराला भोक पडण्यापर्यंत गोष्ट जाते. दोन्हींमध्ये काही दिवसांची मोकळीक लागते. दवाखाना बदलताना हीच माहिती हमखास मागे राहते.

माणसांच्या गोळ्या नकोत, अर्धी सुद्धा नको

रात्री अकरा वाजता कुत्रा कण्हतोय, दवाखाना बंद, घरात आजोबांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी पडलेली. हा मोह मला समजतो, पण आवरा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतात. ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम, व्होव्हेरान ही नावं या यादीत येतात. (डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला भारतात २००६ साली बंदी आली, ती गिधाडांमुळे. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची.) मेलॉक्सिकॅम कुत्र्यांनाही देतात म्हणून माणसांची गोळी मोडून द्यावी, असंही नाही. २५ किलोच्या कुत्र्याचा रोजचा नेहमीचा डोस अडीच मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि माणसांची गोळी मिळते साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची. पंधराची एक गोळी म्हणजे सहा दिवसांचं औषध एका घासात.

दुखण्यावरची मलमं आणि स्प्रेही नकोत. कुत्रा ते चाटून साफ करतो, म्हणजे औषध पोटातच जातं. अशा रात्रीसाठी डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा की जास्त दुखलं तर काय द्यायचं. गॅबापेंटिन पुष्कळदा त्यासाठी देतात. माणसांच्या पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे, म्हणून कॅप्सूल की सिरप हेही त्यांनाच ठरवू द्या.

वजन

औषधाइतकाच फरक वजनाने पडतो. अमेरिकेत ४८ लॅब्रॉडॉर कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर एक अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. जोडीतल्या एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं होतं. कमी खाणारे कुत्रे सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांच्यात सांधेदुखी उशिरा आली. आधीच सांधेदुखी असलेल्या लठ्ठ कुत्र्यांमध्ये ६ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं की लंगडणं कमी झालेलं दिसतं. ३० किलोच्या कुत्र्यात ते पावणेदोन-दोन किलो होतात. महिन्या-दोन महिन्यांत जमण्यासारखं आहे.

आपल्या घरात वजन ताटातून कमी आणि हातातून जास्त वाढतं. सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटं, आजींच्या पानातला तूप-भात, शाळेतून आलेल्या पोराच्या डब्यातली उरलेली पोळी. तेल लावलेली एक पोळी साधारण १०० कॅलरींची. वजन उतरवायचं असलेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला ८००-९०० कॅलरी पुरतात, म्हणजे तशा दोन पोळ्यांत त्याचं पाव जेवण झालं. घरातल्या सगळ्यांना हा हिशोब एकदा सांगा, कारण एकट्याने पथ्य पाळून उपयोग नाही. आजींना देऊ नका म्हणण्यापेक्षा त्यांच्या हाताशी काकडीच्या चकत्या, उकडलेला दुधी, गाजराचे तुकडे ठेवा. देण्याचा आनंद त्यांनाही हवा असतो आणि कुत्र्याला त्यांच्याकडे जायचंच असतं. आमटी-भाजीतला कांदा मात्र कुठल्याच वयात नको.

बरगड्या बघून कळत नाहीत, चाचपून कळतात. तळवे छातीच्या दोन्ही बाजूंना ठेवून हलकेच फिरवा. न दाबता बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. आठवड्याला एक ते दोन टक्के, यापेक्षा वेगाने वजन उतरवू नका. म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू आधीच कमी झालेले असतात, म्हणून प्रथिनं कमी न करता तेल-तूप आणि पिठाचे पदार्थ कमी करा.

फरशी

औषध चालू आहे, वजन आटोक्यात आहे, तरी कुत्रा उठायला तयार नाही. मग खाली बघा. व्हिट्रिफाइड टाइल्स सांधेदुखीच्या कुत्र्याच्या वैरी आहेत.

राणी उठताना मी जमिनीवर बसून नीट पाहिलं आहे. आधी ती पुढचे दोन पाय रोवते आणि छाती वर उचलते. मग मागच्या पायांनी जोर द्यायची वेळ येते आणि तिथे टाइलवर मागचे पंजे बाहेरच्या बाजूला सरकतात, बेडकाचे पसरावेत तसे. खुब्याला हिसका बसतो. ती परत खाली बसते, आजूबाजूला बघते, आणि पुढच्या वेळी पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. असा हिसका दिवसातून अनेकदा बसत असेल तर कुठलीही गोळी पुरी पडणार नाही. आपण समजतो आजार वाढला. वाढलेली असते ती घसरण्याची भीती आणि त्या हिसक्यांनी आलेली सूज.

सगळं घर मॅटने झाकायची गरज नाही. कुत्र्याची रोजची वाट ओळखा: अंथरुणापासून पाण्यापर्यंत, तिथून दारापर्यंत, आणि तुम्ही जिथे बसता तिथपर्यंत. तेवढ्याच वाटेवर, मध्ये उघडी फरशी न ठेवता मॅट टाका. लहान मुलांच्या खोलीतल्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट उत्तम, रबराच्या बुडाच्या पायपुसण्या चालतात, जुनी योगा मॅट कापूनही काम होतं. सतरंजी किंवा चटई नुसती टाकली तर तीच घसरते. तिच्याखाली न घसरणारी रबरी जाळी हवी. फरशी पुसल्यावर पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला एका जागी बसवून ठेवा.

त्याच वेळी पंजे उलटून बघा. चालताना टाइलवर नखांचा टकटक आवाज येतो का? येत असेल तर नखं वाढली आहेत. लांब नखांमुळे पंज्याची गादी जमिनीला नीट टेकत नाही आणि पकड सुटते. म्हातारा कुत्रा कमी चालतो, त्यामुळे नखं आपोआप झिजत नाहीत, ती दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कापावी लागतात. गाद्यांमधले केस वाढले असतील तर तेही छाटा. गोळी वाढवायच्या आधी करायच्या या गोष्टी आहेत आणि यांना जवळपास खर्च नाही.

अंथरूण जाड हवं, पण कुत्रा आत रुतून बसेल इतकं मऊ नको. घट्ट फोमवर दुहेरी गोधडी छान होते. सोफ्यावर, गाडीत चढायला रॅम्प करा, त्यावर गोणपाट ठोकून घ्या. जिना टाळता येत नसेल तर मोठा टॉवेल पोटाखालून, मांड्यांच्या अगदी पुढे घालून दोन्ही टोकं वर धरा आणि मागचा भार आपण घ्या. नर कुत्र्याला लघवीच्या वेळी टॉवेल अडतो, तेवढा मागे-पुढे करावा लागतो.

रविवारी टेकडी, सोमवारी लंगडणं

आठवडाभर पाच मिनिटं खाली नेऊन आणायचं आणि रविवारी तासभर टेकडी. यातून सोमवारी दुखणं उलटणार, यात नवल नाही. कुत्रा त्या वेळी थांबत नाही, तो तुमच्याबरोबर आहे या आनंदात चढत राहतो. दुखतं ते संध्याकाळी. रोज सारखंच चाला: दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, पट्ट्याने बांधून, सपाट आणि शक्यतो मातीच्या वाटेवर. फिरून आल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी जास्त आखडला तर तेवढं अंतर त्याला जास्त झालं. काही दिवस कमी करा आणि मग आठवड्याला थोडं थोडं वाढवा. चेंडू फेकणं बंद. धावत जाऊन गर्रकन वळणं आणि उडी मारून थांबणं हे सांध्याला सगळ्यात महाग पडतं. त्याला खेळ हवाच असेल तर खाऊ घरात लपवा आणि वासाने शोधू द्या.

पावसाळा आणि थंडी

जुलै-ऑगस्टमध्ये आणि डिसेंबर-जानेवारीत दुखणं वाढल्याची तक्रार हमखास येते. गारठा आहेच, पण पावसात फिरणं बंद होतं, स्नायू ढिले पडतात, जिने आणि पार्किंग ओलं असतं, तेही बघा. पाऊस थांबत नसेल तर घरातच मॅटवर व्यायाम करून घ्या. खाऊ दाखवत बस-ऊठ चार-पाच वेळा, खुर्च्यांभोवती संथ चकरा, आणि जमिनीवर टाकलेल्या झाडूच्या काठीवरून एकेक पाय उचलून चालणं. पावलं सावकाश पडली तरच त्याचा फायदा.

फिरायला नेण्याआधी शेक द्या. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघून, खुब्यावर किंवा गुडघ्यावर दहा-पंधरा मिनिटं. कुत्र्याला उठून दूर जाता आलं पाहिजे, धरून ठेवू नका. सांधा नुकताच सुजलेला आणि हाताला गरम लागत असेल तर शेक नको, तिथे कापडात गुंडाळलेला थंड पॅक ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पावडरी, तेलं, हळद

थोडक्यात सांगते. ओमेगा-३ असलेल्या माशाच्या तेलाचा फायदा होतो, पण दिसायला सहा-आठ आठवडे लागतात आणि डोस वजनावर ठरवून घ्यावा लागतो. कॉड लिव्हर ऑइल त्याऐवजी देऊ नका, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त असतं आणि ते अंगात साठतं. ग्लुकोसामाइनचे पुरावे कच्चे आहेत. देऊन बघायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर पेनकिलर बंद करू नका. हळद शरीरात फारशी शोषली जात नाही, तिच्यावर दुखणं सोपवता येत नाही. तिळाच्या तेलाने मालिश कुत्र्याला आवडते, पण तेलकट पंज्यांनी तो टाइलवर घसरतो. मांड्या आणि पाठ कोरड्या हातानेच हलके चोळा.

सगळं करूनही फरक पडत नसेल तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. गोळी वाढवली, मॅट टाकली, तेल सुरू केलं, सगळं एकाच आठवड्यात, तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. तुमच्या कुत्र्याच्या तीन कृती निवडा, ज्यांवरून त्याचं दुखणं कळतं. राणीसाठी त्या आहेत: सकाळी किती प्रयत्नांत उठते, शी करताना मागचे पाय वाकवून नीट बसते का, आणि बेल वाजल्यावर दारापर्यंत येते का. रोज रात्री या तिन्हींना शून्य ते दहा गुण द्या. एक महिन्याची वही हातात असली की डॉक्टरांशी बोलणं सोपं होतं.

रात्री धापा टाकणं, एका जागी न टिकणं, लहान मुलांवर गुरगुरणं, सतत एकच सांधा चाटणं, ही वेदनेची लक्षणं असू शकतात आणि ती वहीत आली पाहिजेत. जुनाट दुखण्यात कुत्रा केकाटत नाही, म्हणून “ओरडत नाही म्हणजे दुखत नसेल” असं धरू नका. एका औषधावर भागत नसेल तर दुसरं जोडता येतं, फिजिओथेरपी आणि पाण्यातला व्यायामही उपयोगी पडतो. दुसरं मत घ्यायचं असेल तर मुंबईत परळचं, साताऱ्याकडे शिरवळचं आणि विदर्भात नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना सगळ्या एक्स-रे फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख, महिन्याची वही आणि सकाळी उठतानाचा तो व्हिडिओ बरोबर घ्या.